जुन्या जिप्सीला मागचा डिफरन्शियल लॉकर बसवणे योग्य ठरेल का? (काळी माती, पांदण रस्ते आणि नाले)

पैनगंगाकाठ (उमरखेड, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी पशुवैद्यक आहे. उमरखेड आणि महागाव या दोन तालुक्यांतील गावांमध्ये, विशेषतः पैनगंगेच्या काठावरच्या वस्त्यांवर आणि अभयारण्याला लागून असलेल्या तांड्यांवर, मी जनावरांच्या उपचारासाठी जाते. माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी किंग आहे. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असली तरी तिची पुढची आणि मागची अशी दोन्ही डिफरन्शियल (एकाच एक्सलवरील दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) साधी, म्हणजे ओपन प्रकारची आहेत. टायर २०५/७० आर १५ या मूळ मापाचे असून त्यांची नक्षी डांबरी रस्त्यासाठीची आहे. चाकांची घसरण रोखणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था या गाडीत नाही.

गाय अडली की निरोप बहुधा रात्री येतो, आणि शेतातल्या कोठ्यापर्यंत पांदण रस्त्यानेच जावे लागते. उन्हाळ्यात काही अडचण नसते. मृगाचा पाऊस झाल्यानंतर मात्र याच पांदणींत गाडी बसते आणि ती काढण्यात जो वेळ जातो, तो त्या गाईच्या आणि वासराच्या वाट्याचा असतो. त्यामुळे या प्रश्नाकडे मी हौस म्हणून पाहत नाही.

नागपूरच्या एका गॅरेजने मला मागच्या एक्सलमध्ये एअर लॉकर, म्हणजे गरजेच्या वेळी दोन्ही चाके एकत्र जखडणारे साधन, बसवण्याचा सल्ला दिला आहे. लॉकर, कॉम्प्रेसर आणि मजुरी धरून खर्च लाखाच्या घरात जातो. जुन्या जिप्सीच्या किमतीचा विचार करता ही रक्कम फार मोठी आहे, आणि तिच्या थोड्याशा भागात चिखलाचे चांगले टायर येऊ शकतात. माझ्या वडिलांचे मत मात्र लॉकरच्या बाजूने आहे. आमच्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पेडल आहे, आणि नांगरताना एक चाक जागच्या जागी फिरू लागले की तो दाबताच ट्रॅक्टर पुढे सरकतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. जे ट्रॅक्टरला उपयोगी पडते ते जिप्सीला का पडू नये, असा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला देता आलेले नाही.

ज्यांनी आपल्याच भागातील मातीत लॉकर वापरला आहे किंवा जाणूनबुजून टाळला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. गाडीच बदलावी असे कोणाचे मत असेल, तर तेही कारणांसह सांगावे.

काळी_माती (अकोट, जि. अकोला)

डॉक्टर ताई, आपल्या वडिलांचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

साधे डिफरन्शियल एकाच एक्सलवरील दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. घसरणाऱ्या चाकाला फिरवायला अगदी थोडा टॉर्क पुरत असेल, तर दुसऱ्या बाजूचे चाक टणक जमिनीवर असूनही त्याला तेवढाच थोडा टॉर्क मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. लॉकर चाकांना फिरवणारे दोन्ही अर्धे शाफ्ट एकमेकांशी जखडतो, दोन्ही चाके एकाच वेगाने फिरू लागतात, आणि ज्या चाकाखाली पकड आहे ते आपल्या पकडीइतका टॉर्क घेऊन गाडी ओढते. म्हणजे लॉकर उपयोगी पडायचा तर दोन चाकांपैकी एकाखाली तरी पकड शिल्लक असली पाहिजे. ही अट ध्यानात ठेवली की पुढचे सगळे उलगडते.

नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरचे एक चाक आधीच्या तासात चालते आणि दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर. दोन चाकांखालची पकड मुळातच वेगवेगळी असते, म्हणून तिथे लॉकचा पेडल लगेच गुण दाखवतो. त्याशिवाय ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच आणि तिरके दाते असतात, टायर मोठा असतो, आणि वजन वाढवण्यासाठी अनेक जण त्यात पाणी भरतात. वडिलांनी पाहिलेला परिणाम खरा आहे, परंतु त्यातला मोठा वाटा टायरचा आणि वजनाचा आहे. तोच ट्रॅक्टर भर पावसात खोल काळ्या वावरात नेला, तर लॉक लावूनही दोन्ही चाके सारखीच फिरतात आणि तो अधिक खोल जातो, हेही त्यांनी नक्कीच पाहिले असेल.

आपली काळी माती हा वेगळाच विषय आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाचे प्रमाण मोठे असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात वावराला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात. ओली झालेली ही माती टायरच्या खाचांत घट्ट बसते. डांबरी रस्त्याच्या नक्षीचा टायर चार-दोन फेऱ्यांतच मातीने भरून गुळगुळीत होतो, आणि मग त्या टायरची नक्षी कोणती होती याला काही अर्थ उरत नाही. आमच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर जमिनीतील सोडियममुळे माती अधिकच निसरडी होते. अशा ठिकाणी चारही चाकांखाली सारखीच, आणि सारखीच अपुरी, पकड असते. तिथे लॉकर बसवलेल्या गाडीची दोन्ही चाके मिळून फिरतात, एवढाच फरक पडतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. आपल्या पांदणी सपाट नसतात. बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमुळे त्यांना एका बाजूला उतार असतो आणि कडेला नाली असते. साधे डिफरन्शियल असताना एक चाक फिरते, तेव्हा दुसरे बहुधा स्थिर राहते, आणि ते स्थिर चाक गाडीची मागची बाजू आडवी घसरण्यापासून काही प्रमाणात धरून ठेवते. लॉकर लावल्यावर दोन्ही चाके एकदम घसरतात आणि गाडीची मागची बाजू हळूहळू उताराकडे, म्हणजे नालीकडे, सरकू लागते. निसरड्या आडव्या उतारावर लॉकर बंद ठेवणेच शहाणपणाचे असते, आणि आपल्याकडच्या ओल्या पांदणींचा बराच भाग असाच असतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आधी टायर घ्यावेत, तेही मोठ्या आणि मोकळ्या खाचांचे मड टेरेन प्रकारचे, ज्यांच्यातून माती फिरताना बाहेर फेकली जाते. मूळ मापातच घ्यावेत. रुंद टायरचा मोह टाळावा, कारण जिथे मातीचा थर वीतभरच असून खाली मुरूम आहे, तिथे अरुंद टायर वरचा चिखल कापून मुरमाला टेकतो. जिप्सीचे स्वतःचे वजन एक टनाच्या आसपासच आहे. त्यामुळे हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली तरी टायर रिमवरून निसटण्याची भीती कमी असते, मात्र वेग अगदी कमी ठेवला पाहिजे आणि वळण सावकाश घेतले पाहिजे. डांबरी रस्त्यावर परत येताच हवा भरण्यासाठी एक लहान कॉम्प्रेसर गाडीत असावा. हा सगळा खर्च लॉकरच्या निम्म्याहूनही कमी असतो.

वैनगंगा_पल्याड (आरमोरी, जि. गडचिरोली)

अकोटच्या दादांनी मातीविषयी जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. मात्र डॉक्टरांच्या प्रश्नात दोन वेगवेगळे भूभाग आहेत आणि उत्तर एकाचेच मिळाले आहे. अभयारण्याच्या कडेच्या तांड्यांकडे जाताना काळ्या मातीपेक्षा दगडगोट्यांचे नाले, उघडी पडलेली मुळे आणि पावसाने धुपलेल्या चढणी अधिक लागतात. आमच्याकडे कुरखेडा आणि धानोरा भागातही अशाच वाटा आहेत, आणि तिथला माझा अनुभव लॉकरच्या बाजूने आहे.

जिप्सीला पुढेमागे दोन्हीकडे पाट्यांचे स्प्रिंग आहेत आणि ते कडक आहेत. नाल्यात गाडी तिरकी उतरली की उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक हलके होते, आणि खड्डा जरा खोल असेल तर ती दोन चाके अधांतरी राहतात. अशा वेळी फोर व्हील ड्राइव्ह लावूनही गाडी उभीच राहते, कारण पुढच्या एक्सलचा टॉर्क हवेतल्या पुढच्या चाकापाशी संपतो आणि मागच्याचा हवेतल्या मागच्या चाकापाशी. जमिनीवर घट्ट टेकलेली उरलेली दोन चाके मात्र स्वस्थ असतात. टायर कितीही चांगले असले तरी हवेत फिरणाऱ्या टायरचा काय उपयोग? इथे मागचा लॉकर लावला की जमिनीवरचे उजवे मागचे चाक गाडीला ढकलते आणि गाडी माणसाच्या चालीने बाहेर येते.

या सावकाश बाहेर येण्यालाच मी सर्वांत जास्त किंमत देतो. लॉकर नसलेला चालक अशा जागी वेग घेऊन गाडी उडवत नेतो, कारण थांबला तर अडकणार हे त्याला माहीत असते. त्यात स्प्रिंगच्या पाट्या तुटतात, इंजिनाखालचा ऑइल चेंबर दगडावर आदळतो, आणि डॉक्टरांच्या गाडीत मागे काचेच्या बाटल्या आणि लसींची शीतपेटी असणार, तिचाही विचार करायला हवा.

लॉकर घेईपर्यंत एक उपाय करून पाहता येईल. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल, तर एक चाक हवेत फिरत असताना हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हलका ॲक्सिलरेटर द्यावा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा विरोध झाला की डिफरन्शियलला दुसऱ्या चाकाकडेही तेवढा जादा टॉर्क पाठवावा लागतो, आणि पुष्कळदा गाडी तेवढ्यावर निघते. काही जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. तिथे मात्र ही युक्ती चालत नाही, म्हणून आधी गाडीखाली वाकून पाहून घ्यावे.

हिंगणा_गियर (नागपूर)

एक्सल आणि डिफरन्शियलचेच काम मी करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. वरच्या दोन्ही उत्तरांत मला चूक दिसत नाही. ताईंनी मात्र निर्णय घेण्यापूर्वी लॉकर म्हणजे नेमकी कोणती वस्तू, हे समजून घेणे जरूर आहे, कारण बाजारात या एकाच नावाखाली फार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

आपल्याला सुचवलेला एअर लॉकर हा चालकाच्या बटणावर चालणारा प्रकार आहे. कॉम्प्रेसरची हवा एका बारीक नळीतून डिफरन्शियलच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, जाते आणि आतल्या गियरला जखडते. बटण बंद केले की डिफरन्शियल पुन्हा साधे होते, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. विद्युतचुंबकावर चालणारा इलेक्ट्रिक लॉकरही असेच काम करतो आणि त्याला हवेची नळी लागत नाही. त्याखेरीज मूळ डिफरन्शियलच्या पिंजऱ्यातील लहान गियर काढून त्यांच्या जागी बसवायचा आपोआप चालणारा स्वस्त लॉकर मिळतो. तो बसवताना क्राऊन-पिनियनची, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणाऱ्या मुख्य गियरजोडीची, मांडणी हलवावी लागत नाही, म्हणून मजुरीही कमी लागते. परंतु तो ॲक्सिलरेटर दिला की जखडलेलाच असतो आणि वळणावर जोर काढल्यावरच बाहेरच्या चाकाला सुटू देतो. जिप्सीसारख्या हलक्या आणि आखूड गाडीत वळण घेताना तो खटखटतो आणि स्टिअरिंगला हिसका जाणवतो. पावसाने ओल्या झालेल्या डांबरी घाटात तो मला सुरक्षित वाटत नाही, आणि आपल्याला पुसदच्या बाजूचे चढउतार रात्री पार करावे लागत असतील तर मी तो मुळीच सुचवणार नाही. लिमिटेड स्लिप हा चौथा प्रकार निसरड्या रस्त्यावर चांगला आहे, पण एक चाक पूर्ण हवेत गेले की त्याचे बहुतेक प्रकार दुबळे पडतात.

टणक जमिनीवर लॉकर का लावू नये, याचा हिशेब साधा आहे. गाडी काटकोनात वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जितके जास्त अंतर कापते, ते दोन चाकांमधील अंतराच्या सुमारे १.५७ पट असते, मग वळण लहान असो की मोठे. जिप्सीच्या मागच्या चाकांमधील अंतर सुमारे १.३ मीटर आहे, म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर हा फरक दोन मीटरच्या घरात जातो. चिखलात चाक घसरून तो भरून काढते. डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर चाकाला घसरता येत नाही, आणि तो सगळा ताण शाफ्टवर, गियरच्या दातांवर आणि टायरवर येतो.

शाफ्टविषयी आणखी थोडे सांगतो, कारण विक्रेते ही बाब गाळतात. साध्या डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर एक्सलच्या एकूण टॉर्कच्या निम्म्याहून जास्त भार कधीच येत नाही. लॉकर लावल्यावर एकच चाक टेकलेले असेल, तर तो सगळाच्या सगळा भार एका शाफ्टवर येऊ शकतो. फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सर्वांत संथ आणि जोरदार गियरमध्ये, दगडात अडकलेल्या चाकावर, ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर जुना शाफ्ट पिळून तुटतो. शाफ्ट तुटला म्हणजे रात्री नाल्यातून गाडी ओढून आणण्याशिवाय मार्ग राहत नाही. लॉकर सावकाश चालवण्याचेच साधन आहे, हे आरमोरीच्या भाऊंचे म्हणणे म्हणूनच मला फार मोलाचे वाटते.

गाडी बदलण्याविषयी आपण विचारले आहे. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाच्या हाताखालचे लॉक कारखान्यातूनच येतात. २०२० साली आलेल्या थारच्या काही प्रकारांत मागे यांत्रिक लॉकर आहे. तो बटणावर चालत नाही. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो आपोआप जखडतो आणि ताशी ३० किलोमीटरच्या थोडे वर गेल्यावर जखडत नाही. म्हणजे चाक आधी थोडे फिरावेच लागते, आणि काळ्या मातीत तेवढे फिरणेही टायर भरायला पुरते. २०२४ साली आलेल्या थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागे इलेक्ट्रॉनिक लॉकर आहे. जिम्नीमध्ये लॉकर नसून ब्रेकवर चालणारी व्यवस्था आहे, जी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते. हँडब्रेकची जी युक्ती वर सांगितली आहे, तीच ती गाडी प्रत्येक चाकासाठी स्वतंत्रपणे आणि अधिक नेमकेपणाने करते. गाडी एरवीही बदलायचीच असेल, तर कारखान्यातून लॉकर आलेली गाडी घेणे केव्हाही बरे, कारण तिचे शाफ्ट आणि वॉरंटी त्या हिशेबाने ठरवलेली असतात. परंतु केवळ लॉकरसाठी गाडी बदलणे मला पटत नाही.

आता माझा आपल्याला एक प्रश्न आहे. गेल्या पावसाळ्यात आपली गाडी नेमकी कुठे कुठे बसली, आणि त्या वेळी कोणते चाक फिरत होते? दोन्ही मागची चाके फिरत होती की एकच? हे आठवून लिहिलेत, तर उत्तर जवळजवळ आपोआप मिळेल.

पैनगंगाकाठ (उमरखेड)

सर्वांचे मनापासून आभार. आपण विचारल्याप्रमाणे मी माझ्या मदतनिसासोबत बसून त्या जागा एकेक करून आठवल्या. धक्का लावण्यासाठी खाली उतरलेला माणूस नेहमी तोच असल्यामुळे कोणते चाक फिरत होते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

सर्वाधिक वेळा गाडी नदीकाठच्या खोल काळ्या मातीत बसली आणि तिथे मागची दोन्ही चाके मातीने लिंपलेली होती. या ठिकाणी लॉकरने काही झाले नसते, हे आता मला स्पष्ट दिसते. तांड्यांकडच्या नाल्यांत गाडी कमी वेळा अडकली, पण तिथे दर वेळी एक मागचे चाक हवेत होते किंवा दगडावर नुसतेच घासत होते.

तिसरी एक परिस्थिती आहे, जिचा उल्लेख मी आधी केला नव्हता. आमच्याकडच्या बऱ्याच पांदणींवर अर्ध्या रुंदीतच मुरूम पडलेला आहे. समोरून बंडी किंवा ट्रॅक्टर आला की मला दोन चाके मुरमावर आणि दोन चाके कडेच्या मातीत घालावी लागतात, आणि परत वर येताना मातीतली चाके फिरत राहतात. रपट्याच्या तोंडाशीही असेच होते, कारण सिमेंटची कड संपते तिथे एका बाजूचा भराव वाहून गेलेला असतो. या तिसऱ्या प्रकारात लॉकर कितपत कामाचा आहे?

काळी_माती (अकोट)

या तिसऱ्या प्रकारात लॉकर नक्कीच कामाचा आहे, आणि आपण ही माहिती दिल्यामुळे माझ्या मतात मी एक भर घालतो. एक चाक मुरमावर आणि दुसरे चिखलात, ही नांगरटीतल्या ट्रॅक्टरसारखीच स्थिती आहे, आणि तिथे आपल्या वडिलांचे म्हणणे शब्दशः लागू पडते.

फक्त दोन पथ्ये पाळावी लागतील. लॉकर मातीत उतरण्यापूर्वी, गाडी सरळ आणि संथ असताना लावावा. चाके फिरून खड्डा झाल्यावर लावला तर तोपर्यंत गाडीचा तळ मातीवर टेकलेला असतो. दुसरे पथ्य कडेच्या उताराचे आहे. मुरमावर परत चढताना स्टिअरिंग थोडेसेच वळवून लांबून वर यावे. लॉक केलेला मागचा एक्सल गाडीला सरळच ढकलतो, त्यामुळे तीव्र वळवलेली पुढची चाके नुसती घासत राहतात आणि मागची बाजू नालीकडे जाते. कड फारच उतरती असेल, तर बंडीवाल्यालाच थोडे मागे थांबण्याची विनंती करणे अधिक चांगले. आपल्याकडे डॉक्टरांच्या गाडीला कोणी वाट नाकारत नाही.

टायरचा क्रम मात्र मी बदलणार नाही. आपल्याच सांगण्याप्रमाणे सर्वाधिक वेळ काळ्या मातीत गेला आहे, आणि तिथला उपाय टायर हाच आहे. तोही पूर्ण उपाय नव्हे. पाऊस उघडून वापसा येईपर्यंत खोल वावरातली वाट कोणत्याही गाडीची नसते, आणि अशा दिवशी पांदणीच्या तोंडाशी गाडी ठेवून पुढे ट्रॅक्टरने जाणे हाच लवकर पोहोचण्याचा मार्ग असतो.

तुरीचे_वावर (दिग्रस, जि. यवतमाळ)

डॉक्टर मॅडम, लॉकरविषयी जाणकारांनी लिहिलेच आहे. मी शेतकरी म्हणून एवढेच सुचवतो की गाडीत पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या दोन-तीन बांधीव पेंढ्या आणि एक फावडे कायम ठेवावे. चाकासमोरची माती फावड्याने उतरती करून त्यावर पेंढी आडवी टाकली की टायरला धरायला काहीतरी मिळते. गाडीला पुढे आणि मागे चेसिसला पक्के बसवलेले हूक असावेत, कारण ओढायला ट्रॅक्टर प्रत्येक गावात मिळतो, पण बंपरला दोर बांधून ओढल्यास बंपरच हातात येतो. प्रत्येक गावातील एका ट्रॅक्टरवाल्याचा क्रमांक आपल्याकडे असू द्या. आपण ज्याच्या जनावरासाठी जात असता, तो स्वतःच पांदणीच्या तोंडाशी येऊन उभा राहील.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मात्र लॉकर, टायर किंवा धाडस यांपैकी कशाच्याही भरवशावर गाडी घालू नये. एक टनाची गाडी पाण्यात थोडी बुडाली तरी पाणी तिला वर उचलू लागते, चाकांवरचा भार कमी होतो, आणि मग चाके जखडलेली आहेत की मोकळी, याने काहीच फरक पडत नाही. आपली या भागाला गरज आहे.

हिंगणा_गियर (नागपूर)

ताई, आपल्या उत्तरावरून माझे मत आता पक्के झाले आहे. मड टेरेन टायर, हवेचा लहान कॉम्प्रेसर आणि हूक या गोष्टी या पावसाळ्यापूर्वीच कराव्यात. मागचा लॉकर आपल्या वाटांसाठी योग्य ठरतो, कारण नाले आणि अर्ध्या मुरमाच्या पांदणी या दोन्ही ठिकाणी त्याला काम आहे. तो घ्यायचा तर बटणावर चालणाराच घ्यावा, आणि फक्त मागेच. पुढच्या लॉकरने स्टिअरिंग जड होते आणि जिप्सीच्या पुढच्या सांध्यांवर ताण येतो. आपल्या कामाला त्याची गरज नाही. पैशांची ओढाताण होत असेल तर लॉकर पुढच्या वर्षावर ढकलावा, टायर ढकलू नयेत.

लॉकर बसवण्यापूर्वी मागच्या हाउसिंगचे ऑइल काढून पाहायला सांगा. ते दुधी झालेले असेल तर नाल्याचे पाणी आत गेले आहे, असे समजावे. गरम हाउसिंग थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या छिद्रातून) किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदरला नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेणे हे किरकोळ खर्चाचे काम आहे आणि लॉकर बसवा किंवा न बसवा, ते करूनच घ्यावे. शाफ्टच्या खाचा झिजल्या असतील तर शाफ्टही त्याच वेळी बदलावेत.

गॅरेज निवडताना क्राऊन आणि पिनियन यांच्यातील मोकळीक डायल गेजने मोजणार का, आणि दातांवर रंग लावून ठसा तपासणार का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. जे नुसत्या हाताच्या अंदाजाने बसवतो म्हणतील, त्यांच्याकडे महागडा लॉकर देऊ नये. मांडणी चुकली तर काही दिवसांतच गाडी वेगात घुमल्यासारखा आवाज करू लागते आणि दात खराब होतात. हवेची नळी हाउसिंगवरून जिथून वर जाते, तिथे ती दगडाला किंवा सायलेन्सरला लागणार नाही अशी बांधलेली आहे, हे स्वतः वाकून पाहावे.

पैनगंगाकाठ (उमरखेड)

पुन्हा एकदा सर्वांचे आभार. टायर आणि कॉम्प्रेसर मी या आठवड्यातच घेत आहे, आणि हाउसिंगचे ऑइल व ब्रीदर तपासण्यासाठी गाडी गॅरेजमध्ये सोडणार आहे. ऑइल आणि शाफ्ट यांची स्थिती पाहून मागच्या लॉकरचा निर्णय दिवाळीनंतर घ्यायचे ठरवले आहे, कारण तोपर्यंत नव्या टायरवर पावसाळा निघेल आणि नाल्यांत गाडी कितपत अडते हेही कळेल. हँडब्रेकविषयी सांगायचे तर मदतनिसाला गाडीखाली पाहायला सांगितले आहे. तो कुठे लागतो हे कळले की आरमोरीच्या भाऊंना इथेच कळवते. वडिलांना नांगरटीच्या तासाचे उत्तर वाचून दाखवले. त्यांना ते पटले असून, अर्ध्या मुरमाच्या पांदणीविषयी स्वतःचे म्हणणे बरोबर निघाले याचेही त्यांना समाधान आहे.